पुडीवरचं नाव, पुडीतला माल आणि ओढणारा माणूस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २४ वर्षांचे, मूळ चाळीसगावचे, नोकरीला पुण्यात. रूमवरच्या मित्रांनी सांगितलं की गांजाची 'सॅटिव्हा' जात दिवसा ओढायची, तरतरी येते. 'इंडिका' रात्री, गाढ झोप लागते. पहिल्यांदा ओढलीत तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी छाती धडधडायला लागली आणि खोलीतले सगळे आपल्याबद्दलच कुजबुजताहेत असं वाटलं. नंतर महाशिवरात्रीला उज्जैनला गेलात, भांगेची थंडाई घेतलीत, तासाभरात काही चढेना म्हणून दुसरा ग्लास रिचवलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही भानावर नव्हतात. आता विचारताय की हा जातींचा फरक होता का, आणि झोपेसाठी, टेन्शनसाठी त्यातल्या त्यात बिनधोक जात कोणती. शेवटी जाता जाता एक वाक्य आहे, की धाकट्या मामांचं तरुणपणी 'डोकं फिरलं' होतं म्हणून आई फार घाबरते. त्या वाक्याकडे मी परत येणार आहे.

मी जळगावात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे व्यसनाचे रुग्ण म्हणजे मुख्यतः दारूचे. पण गांजावाले येतात, आणि त्यांच्यातल्या पंचविशीच्या आतल्या पोरांच्या तोंडी हल्ली हीच भाषा असते: सॅटिव्हा, इंडिका, हायब्रिड. जुने चिलीमवाले फक्त 'कडक' आणि 'पानी' असे दोनच प्रकार सांगायचे. खरं सांगू का, शास्त्राच्या जास्त जवळ तेच होते.

एखादं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण तुमचा खरा प्रश्न जातीचा नाहीच. तुम्हाला जाणून घ्यायचंय की त्या दोन रात्री मला झालं ते काय होतं आणि पुन्हा होईल का. आणि त्याच्याही खाली दुसरा प्रश्न आहे, की मला झोप का लागत नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही. पुडीत काय होतं ते तुम्हालाच माहीत नाही, मग मला कुठून असणार? त्यामुळे काही ठिकाणी 'असं असेल तर' म्हणावंच लागेल.

आधी नावांचं बघू. चाळीसगावचे आहात, म्हणजे कपाशी परकी नाही. मे अखेरीस कृषी केंद्रात गेलं की बियाण्याच्या पाकिटांची भिंतच उभी असते. दरवर्षी नवीन नाव, नवीन बोंडांचा फोटो, आणि दोन शेतकरी हमखास वाद घालणार, की यंदा हेच लाव, ते नको. पण २००६ मध्ये बीटी कपाशीचं बोलगार्ड दोन हे तंत्र आलं आणि बघता बघता जवळपास सगळ्या पाकिटांत अळी मारणारे जनुक तेच झाले. वाणात फरक असतोच, कुणाचं बोंड मोठं, कुणाचा कालावधी कमी. पण अळी मरते ती नावामुळे नव्हे. (गुलाबी बोंडअळी आता त्यालाही दाद देत नाही, ते दुःख वेगळं.) गांजाच्या नावांचंही तसंच आहे. फक्त बियाण्याच्या पाकिटावर निदान कंपनी, लॉट नंबर आणि उगवणशक्ती छापलेली असते. पुडी बांधलेली असते ती जुन्या वर्तमानपत्रात.

सॅटिव्हा आणि इंडिका ही नावं मुळात शास्त्रातलीच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये 'कॅनाबिस सॅटिव्हा' हे नाव दिलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर युरोपातलं धाग्यासाठी पिकवलं जाणारं उंच झाड होतं. १७८५ मध्ये लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने भारतातून आलेले नमुने पाहून ही जात वेगळी आहे, नशा हिच्यातच आहे, असं म्हणत तिला 'इंडिका' म्हटलं. म्हणजे आपल्याकडची निमुळत्या पानांची झाडं ही मूळची इंडिका. आजच्या बाजारात मात्र नेमकं उलटं झालंय. निमुळत्या पानाच्या उंच झाडाला सॅटिव्हा म्हणतात, आणि अफगाणिस्तान-हिंदुकुशकडच्या बुटक्या, रुंद पानाच्या झाडाला इंडिका. नावंच इतकी उलटीपालटी झाल्यावर त्यांच्यावरून झोप ठरवायची म्हणजे कठीणच.

त्यात गेल्या पन्नासेक वर्षांत या दोन्हींचे इतके संकर झालेत की शुद्ध असं फारसं उरलेलं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बरेच नमुने घेऊन त्यांचे जनुक तपासले. सांगितलेली जात आणि प्रत्यक्षातला जनुकीय वारसा यांचा मेळ फारच कच्चा निघाला, आणि एकाच नावाने विकले जाणारे दोन नमुने कित्येकदा एकमेकांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्यांशी जास्त जुळत होते. आपल्याकडे तर नाव म्हणजे बहुधा ठिकाणच असतं: मनाली, मलाणा, इडुक्की, ओडिशा. शिरपूरकडे सातपुड्याच्या पट्ट्यात कपाशी-तुरीच्या आड लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. माझा एक रुग्ण हसत म्हणाला होता, "साहेब, डोंगरातून निघतो तेव्हा नुसता माल असतो, पुण्याला पोचेस्तोवर मनाली होतो."

मग वेगवेगळ्या पुड्यांचा परिणाम वेगवेगळा का? कारण आतला माल खरोखर वेगळा असतो, फक्त तो फरक नावात उतरत नाही.

या झाडात एक मूळ आम्ल तयार होतं. झाडाच्या जनुकांनुसार त्या आम्लाचं पुढे टीएचसी बनतं किंवा सीबीडी, किंवा दोन्ही. यावरून झाडांचे तीन गट पडतात: टीएचसी-भारी, मिश्र आणि सीबीडी-भारी. माझ्या मते कामाची वर्गवारी हीच. नशा आणणारं ते टीएचसी. सीबीडीने नशा येत नाही. शुद्ध सीबीडीचं एक औषध २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर मंजूर झालं. नशेसाठी विकला जाणारा माल बहुतेक सगळा पहिल्याच गटातला, मग मित्र त्याला काहीही म्हणोत.

हे टीएचसी मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट, केसांसारख्या ग्रंथींत सगळ्यात जास्त असतं. पानात कमी, काडीत नगण्य, बीमध्ये जवळपास नाहीच. मादीला परागकण मिळाले की झाडाची ताकद बी भरण्यात जाते. म्हणून गांजा पिकवणारे नर झाडं वेळीच उपटून टाकत. इंग्रजांच्या काळात आपल्या शेजारी, भुसावळच्या पुढे खंडव्याला, सरकारी परवान्याने गांजा पिकायचा आणि गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने या सगळ्याची बारकाईने नोंद केली होती. म्हणजे 'कडक' आणि 'पानी' हा भेद जातीपेक्षा जास्त झाडाच्या कोणत्या भागातला, बियांचा की बिनबियांचा, ताजा की जुना, यावर ठरायचा. आजही तसंच. उन्हात, उष्णतेत पडून राहिलेल्या मालातलं टीएचसी हळूहळू मोडतं. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पुडीचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

तुमच्या पहिल्या पुडीने काही केलं नाही, त्याची इतकी कारणं संभवतात: काड्या-बियांचा माल असेल, जुना असेल, किंवा नवशिके बहुतेक करतात तसं तुम्ही धूर तोंडातूनच परत सोडला असेल. त्यासाठी जात शोधायची गरज नाही.

आता धडधडीकडे येतो. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे याच कारणाने घाबरून आलेले असतात.

आपल्या मेंदूत टीएचसी जिथे जाऊन बसतं त्या जागा गांजासाठी बनलेल्या नाहीत. शरीर स्वतःच एक पदार्थ तयार करतं, तो तिथे बसतो. तो १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडला आणि शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं 'आनंदमाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून. या जागा आठवणीच्या केंद्रात आहेत, तोल सांभाळणाऱ्या भागात आहेत आणि भीतीच्या केंद्रातही आहेत. शरीराचा आनंदमाइड मोजून-मापून, क्षणभर काम करून विरघळतो. टीएचसी बसलं की तासन्‌तास उठत नाही. भीतीच्या केंद्राला थोडंसं मिळालं तर माणूस सैलावतो, जास्त मिळालं तर तेच केंद्र बिथरतं. त्याच वेळी नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढू शकते. आधीच घाबरट स्वभाव असेल तर माणूस त्या धडधडीलाच घाबरतो, मग धडधड आणखी वाढते.

'थोडंसं' आणि 'जास्त' यांत अंतर किती? शिकागोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ४२ निरोगी लोकांवर प्रयोग केला. त्यांना टीएचसीच्या गोळ्या दिल्या आणि मग अनोळखी माणसांसमोर मुलाखत द्यायला बसवलं. ७.५ मिलिग्रॅमवाल्यांचा ताण कमी झाला. १२.५ मिलिग्रॅमवाले उलट जास्त अस्वस्थ झाले. दोन्हींत फरक ५ मिलिग्रॅमचा. आता हिशोब करा. एक ग्रॅम मालात ५ टक्के टीएचसी असेल तर ते होतं ५० मिलिग्रॅम, १५ टक्के असेल तर १५०. ओढताना बरंचसं जळून, उडून जातं हे खरं, पण किती ते प्रत्येक झुरक्याला बदलतं. तंबाखूच्या चिमटीएवढ्या मालात तुम्ही 'बरं वाटणं' आणि 'जीव जातोय वाटणं' ही सीमा दोनदा ओलांडू शकता, आणि हातात तराजू असला तरी टक्केवारी माहीत नसल्यामुळे त्याचा उपयोग नाही. म्हणून बिनधोक जात सांगा म्हटलं की मला सांगता येत नाही. ती मी लपवून ठेवलेली नाही.

सीबीडी जास्त असलेला माल घेतला तर टीएचसीचा त्रास कमी होतो, असंही तुम्ही ऐकलं असेल. पूर्वी मीही रुग्णांना तसं सांगायचो. पण २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने ४६ जणांना वेगवेगळ्या प्रमाणात दोन्ही मिसळून वाफेतून दिलं, तेव्हा सीबीडी वाढवल्याने संशयी विचार किंवा आठवणीतला गोंधळ कमी झाला नाही. त्यानंतर मी ते सांगणं सोडलं.

वासाबद्दलही एक समज आहे. प्रत्येक जातीत वेगळी सुगंधी द्रव्यं असतात आणि सॅटिव्हा-इंडिकाचा फरक त्यांचाच, असा. ही द्रव्यं खरी आहेत, वासातला फरकही खरा आहे. मिरसीन आंब्यात आणि गवती चहात असतं, लिमोनीन लिंबाच्या सालीत, लिनालूल धन्यात, कॅरिओफिलीन मिऱ्यात आणि लवंगेत. पण वाळल्या फुलात ही सगळी मिळून एक-दोन टक्क्यांच्या आसपास, आणि ओढलेल्या एवढ्याशा प्रमाणात त्यांनी माणसाला झोपवल्याचा भक्कम पुरावा अजून नाही. आपल्या काळ्या मसाल्यात धने, मिरे, लवंग सगळं असतं. शेवभाजी हाणून दुपारी डोळे मिटतात, ते लिनालूलने की चार भाकरींनी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. 'ही रात्रीची आहे' असं सांगून दिलेल्या पुडीने काहींना खरंच लवकर झोप येते. सांगण्याचाही परिणाम असतो, आणि तो खोटा नसतो. पण तो नावाचा परिणाम, झाडाचा नाही.

उज्जैनची रात्र ही तर संपूर्णपणे वेगळीच गोष्ट. तिथे जात नव्हे, रस्ता बदलला.

ओढलं की काही मिनिटांत टीएचसी फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. अर्ध्या तासात शिखर, दोन-चार तासांत उतार. त्यामुळे ओढणाऱ्याला निदान थांबायचं कुठे ते कळतं. भांग पोटात जाते. तिथून यकृतात, आणि यकृत टीएचसीचं रूपांतर दुसऱ्या एका पदार्थात करतं, जो मेंदूत सहज शिरतो आणि तितकाच किंवा जास्तच जोरकस असतो. चढायला अर्धा तास ते दोन तास, शिखर दोन ते चार तासांनी, आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. तुम्ही आठ वाजता पहिला ग्लास घेतलात, नऊला दुसरा. नऊ वाजता पहिला ग्लास अजून वाटेतच होता. साडेदहा-अकराला दोन्ही एकदम पोचले. भांग ही नुसती पानं, गांजापेक्षा सौम्य, हे बरोबर आहे. पण पानं वाटून, उकळून किंवा तुपात परतून, मग दुधात, बदाम-पिस्त्यात घालून प्यायची म्हणजे टीएचसी चरबीत विरघळून अंगात शिरण्याची चांगलीच सोय. कच्च्या पानातलं टीएचसी आम्लाच्या रूपात असतं आणि त्याने फारशी नशा येत नाही; उष्णता लागली की ते बदलतं. त्यामुळे एका दुकानातला ग्लास लागत नाही आणि शेजारच्या दुकानातला आडवा करतो. शिवाय वाटण तळाशी बसतं. भांड्यातला शेवटचा ग्लास ज्याच्या वाट्याला येतो, त्याचं त्या दिवशी खरं नाही.

इथे एक इशारा देतो, कारण महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे असे एक-दोन येतातच. कधी कधी थंडाईत धोत्रा घातलेला असतो. शंकराला वाहतात म्हणून कुणी भक्तीने घालतो, कुणी 'जोर यावा' म्हणून. भांग चढलेला माणूस हसतो, घाबरतो, झोपतो, पण साधारण आपल्याला ओळखतो. धोत्रा झालेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते, अंग तापतं, लघवी अडते, आणि तो हवेतून न दिसणारं काहीतरी वेचत बसतो, सुतासारखं ओढत. असं दिसलं तर लिंबूपाणी देत बसू नका, गाडी काढा. तुमच्याबाबतीत मित्रांना विचारा की त्या रात्री तुम्ही त्यांना ओळखत होता का. ओळखत होता म्हणाले तर ते बहुधा भांगेचंच होतं, प्रमाणाबाहेर.

आता माणसाबद्दल. यावल तालुक्यातले दोन भाऊ माझ्याकडे यायचे, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतो. दोघं केळीच्या बागेत कामाला, एकाच चिलमीतून ओढायचे. मोठा पंधरा वर्षं ओढत होता. त्याला काही म्हणून काही होत नव्हतं, नुसता खोकला. धाकटा तीन महिन्यांत इतका बदलला की बागेच्या मोटरच्या आवाजात त्याला स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. मोठा भाऊ त्याला घेऊन आला आणि अहिराणीत म्हणाला, "डाक्टरसाहेब, पुडी एकच शे, चिलीम एकच शे, मंग यालेच कसाले व्हयनं?" बावीस वर्षांत या विषयावरचा इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

उत्तर असं. मोठ्याने सुरुवात केली पंचविशीत, धाकट्याने पंधराव्या वर्षी. विचार, निर्णय आणि लगाम यांचा मेंदूतला भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. मोठ्याचं शरीर सरावलेलं, म्हणजे तेवढ्याच मालाने त्याला अर्धंही चढत नव्हतं. आणि खोदून विचारल्यावर कळलं की धाकट्याचे वडील वेगळे होते; आईचं दुसरं लग्न. त्या वडिलांच्या घरात दोघांना जुना मानसिक आजार. घरात हे कुणीच बोलत नव्हतं.

म्हणून तुमच्या मामांचं वाक्य मी बाजूला ठेवलं होतं. तुम्ही ते शेवटी टाकलंत, मी असतो तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. 'डोकं फिरलं' म्हणजे नेमकं काय, हे आईला शांतपणे विचारा. आवाज ऐकू यायचे का, लोक माझ्या वाईटावर आहेत असं वाटायचं का, किती दिवस टिकलं, औषध किती वर्षं चाललं. जर तो स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा आजार असेल, तर 'सगळे माझ्याबद्दल कुजबुजताहेत' हा तुमचा अनुभव मी नुसती 'बॅड ट्रिप' म्हणून सोडून देणार नाही. नशा उतरल्यावर तो विचार पूर्ण गेला का? की ऑफिसात, लोकलच्या डब्यात, नंतरही कधी डोकावला? गेला असेल तर बरंच बरं. डोकावत असेल तर हे उत्तर वाचून संपायच्या आत जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.

घाबरवायला सांगत नाही. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा आजार होत नाही. पण युरोपातल्या नि ब्राझीलमधल्या शहरांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात रोज १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा माल घेणाऱ्यांत अशा आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. आणि माल कडक होत चाललाय. अमेरिकेत पकडलेल्या गांजात टीएचसी सरासरी १९९५ मध्ये ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ टक्के. 'आमचे आजोबा भजनाला बसताना ओढायचे, त्यांना काही झालं नाही' असं मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. आजोबांची चिलीम आणि नातवाची पुडी यांत फक्त वनस्पतीचं नाव तेच राहिलंय.

राहिली झोप. टीएचसीने सुरुवातीला झोप लवकर लागते, हे मी नाकारत नाही. पण स्वप्नांची झोप ते कमी करतं, आणि काही आठवड्यांत शरीर सरावतं. मग बंद केलं की पहिला आठवडा वाईट जातो: चिडचिड, जेवण नको, आणि रात्री इतकी ठळक स्वप्नं पडतात की माणूस दचकून उठतो. त्यावरून तो निष्कर्ष काढतो, 'बघा, मला याच्याशिवाय झोपच येत नाही.' तो त्याचा जुना निद्रानाश नसतो, बंद केल्याचा त्रास असतो, आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. त्या दोन आठवड्यांत बहुतेक जण हार मानतात. स्वप्नं तेवढी महिनाभर रेंगाळू शकतात.

माझी एक चूकही सांगून टाकतो. दहाएक वर्षांपूर्वी एक ट्रकड्रायव्हर आला, महिन्यातून चार-पाच दिवस ओकाऱ्या, पोटात कळा. दोनदा दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, काही सापडेना, म्हणून 'टेन्शन' लिहून माझ्याकडे पाठवलेला. मीही टेन्शनचं औषध लिहिलं. सहा महिने फरक नाही. शेवटी त्याची बायको वैतागून म्हणाली की याच्या ओकाऱ्या सुरू झाल्या की हा दिवसातून सात-सात वेळा कढत पाण्याने आंघोळ करतो, गॅस सिलिंडर परवडत नाही. तेव्हा मे महिना चालू होता, बाहेर ४४ अंश. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांत असा उलट्यांचा आजार होतो आणि गरम पाण्याने त्यांना तात्पुरतं बरं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्येच तो लिहून ठेवला होता. मी वाचलाही होता. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. गांजा मळमळ थांबवतो असं तो मला समजावून सांगायचा, आणि म्हणूनच ओकाऱ्या आल्या की जास्त ओढायचा. बंद केल्यावर तीन महिन्यांत थांबल्या.

तुम्ही काय करावं, ते सांगतो. ओढणं आणि भांग दोन्ही थांबवा, निदान मामांचा उलगडा होईपर्यंत तरी. झोपेसाठी आधी साधं तपासा: नाईट शिफ्ट आहे का, रात्री नऊनंतर चहा-कॉफी होते का, फोन उशाशी असतो का, सकाळी उठण्याची वेळ रोज तीच आहे का. पंधरा दिवस वहीत झोपायची-उठायची वेळ लिहा. पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ भरपूर आहेत. पैशांची अडचण असेल किंवा समोर बसून बोलायची लाज वाटत असेल तर सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. व्यसनासाठी वेगळा १४४४६.

कायद्याची भीती वाटून डॉक्टरांपासून लपवू नका. गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतात, अगदी थोडा जवळ सापडला तरी गुन्हाच. नुसती भांगेची पानं त्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्यांवर सोपवली गेली, म्हणून मध्य प्रदेशात परवान्याचं दुकान दिसतं आणि आपल्याकडे दिसत नाही. पण डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात सूट देणारं कलमही त्याच कायद्यात आहे, ६४-अ.

आणि डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा सॅटिव्हा होती की इंडिका ते सांगू नका, त्यांना त्यातून काही कळणार नाही. किती, ओढली की प्यायलात, किती वेळाने काय झालं आणि किती वेळ टिकलं एवढं सांगा. मामांचं मात्र सगळ्यात आधी. जमलं तर आईलाच बरोबर न्या.